ऊर्णावस्त्रांचे क्षालन

वस्त्राचा इतिहास लिहिणारे पंडित सामान्यतः दोन ठिकाणी रेंगाळतात, एक मागापाशी आणि दुसरे बाजारापाशी. सूत कोणी कातले, कापड कोणी विणले, ते कोणत्या बंदरातून कोठे गेले आणि त्यावर कोणत्या राजाने किती जकात बसविली, ह्याची माहिती आपणांस ग्रंथोग्रंथी मिळते. परंतु तेच वस्त्र प्रथम पाण्यात कोणी घातले, कोणत्या द्रव्याने धुतले, कसे वाळविले आणि पेटीत ठेवताना त्याजबरोबर काय ठेवले, ह्याविषयी हे ग्रंथ बहुधा मौन धरतात. सुती वस्त्राच्या बाबतीत हे मौन एक वेळ खपून जाईल. सुती धोतर दगडावर आपटले, भट्टीत उकळले, पिळून उन्हात टाकले, तरी ते धोतरच राहते. लोकरीच्या वस्त्राची गोष्ट निराळी आहे. ते मागावरून अथवा सुयांवरून उतरते तेव्हा अर्धेच सिद्ध झालेले असते. उरलेले अर्धे पाण्यात सिद्ध होते. आणि ज्या पाण्यात ते पूर्णतेस जाते त्याच पाण्यात, हात चुकला तर, ते कायमचे नासते. म्हणून लोकरीपुरते तरी धुणारास विणणाराचा भागीदार मानिले पाहिजे, असे आमचे मत आहे. त्या भागीदारास इतिहासाने त्याचा वाटा कितपत दिला हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम लोकरीचा स्वभाव पाहिला पाहिजे. कापसाचा तंतू ही वनस्पतीची वस्तू. लोकर ही प्राण्याच्या अंगची, म्हणजे आपल्या केसांच्या आणि नखांच्या जातीची. लोकरीच्या प्रत्येक केसावर घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडतो. ओल्या लोकरीस चोळले, तुडविले किंवा घुसळले की प्रत्येक केस एकाच दिशेने पुढे जातो, शेजाऱ्यात अडकतो आणि परत फिरू शकत नाही. ह्याचे नाव लोकर दाटणे. हा उलगडा गास्पार मोंझ ह्या फ्रेंच गणितज्ञाने १७९० साली टोपीवाल्यांच्या धंद्याचे निरीक्षण करून मांडला. लोकरीचा कपडा ऊन पाण्याने आटतो अशी सर्वत्र समजूत आहे. पण ती अर्धीच खरी आहे. ऊब आणि साबण ही दोन्ही ह्या कामी साह्यकारी होतात खरी. परंतु मुख्य कर्ता म्हणजे घर्षण. स्तब्ध ऊन पाण्यात बुडवून ठेवलेला स्वेटर जितका आटणार नाही, तितका गार पाण्यात घुसळलेला आटेल.

आता वाचकांनी ध्यानात घ्यावे की हा दोष नव्हे, गुण आहे. फक्त तो कोठे उपयोगी पडतो हे पाहिले पाहिजे. आमच्या दख्खनच्या पठारावर पिंजलेली लोकर थरावर थर रचून, भिजवून, गुंडाळून आणि तुडवून जेन तयार करीत आले आहेत. त्यास ना ताणा ना बाणा. केवळ दाटलेली लोकर. घोंगडी मागावर होते, तिच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतात, आणि तीही वापरात, पावसात भिजून भिजून अधिक दाट होत जाते. मेंढपाळास हे हवेच असते, कारण दाटलेल्या घोंगडीतून पाणी लवकर झिरपत नाही. परंतु जी क्रिया जेनेस जन्म देते तीच बाळाच्या टोपड्याचा जीव घेते. धुणाराची सारी विद्या ह्या एका शक्तीस कोठे मोकळे सोडावे आणि कोठे आवरावे ह्या विवेकात आहे.

हा विवेक आमच्या देशात फार पुरातन आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तेथे रेशीम आणि मेंढीची लोकर ह्यांस ऊष म्हणजे खारी माती, कुतपास रिठे, तलम पट्टवस्त्रांस बेलफळ आणि क्षौमास पांढरी मोहरी अशी निरनिराळी द्रव्ये सांगितली आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीतही अशीच व्यवस्था आढळते. कुतप म्हणजे डोंगरी शेळ्यांच्या लोकरीचे कांबळे, असे टीकाकार सांगतात. एकाच लोकर ह्या नावाखाली येणाऱ्या दोन वस्तूंस येथे दोन द्रव्ये नेमून दिली आहेत, हे आम्हास विशेष लक्षणीय वाटते. खाऱ्या मातीत क्षार असतो. तो मळ व तेलकटपणा झपाट्याने काढतो, पण लोकरीस खातोही. रिठ्याचा फेस सौम्य. त्यात तसा क्षार नाही. स्मृतिकारांनी हा भेद रसायनशास्त्राच्या आधारे केला असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. तथापि कोणा अनाम धुणाराच्या बोटांस जे ठाऊक झाले होते तेच पुढे श्लोकबद्ध झाले, असे अनुमान करण्यास हरकत दिसत नाही.

श्लोकात द्रव्य आले, पण धुणारा कोणत्या रूपाने आला? मनूच्याच आठव्या अध्यायात नेजकाने, म्हणजे धोब्याने, सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावे, एकाची वस्त्रे दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळू नयेत, आणि ती कोणास नेसावयास देऊ नयेत, अशी आज्ञा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही आज्ञा दंडासह येते. लाकडी फळी अथवा गुळगुळीत शिळा सोडून अन्यत्र धुतल्यास वस्त्राची नुकसानी आणि वर सहा पण दंड. मुद्गराची खूण नसलेले वस्त्र धोब्याने अंगावर घातल्यास तीन पण. परक्याचे वस्त्र विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर बारा पण. म्हणजे शास्त्रकारांस धोब्याचे कौशल्य पुरते माहीत होते. फळी गुळगुळीत का हवी आणि हात हळू का हवा, हे जाणल्यावाचून असा नियम होत नाही. परंतु त्या कौशल्याचा उल्लेख झाला तो अपराधाच्या प्रकरणात. धुणाऱ्याने वस्त्र बिघडविले तर त्याचे नाव निघावयाचे. त्याने ते राखले तर मात्र नाही.

आमच्याकडील सोवळ्याच्या आचारातही लोकरीचे निराळेपण दिसते. सुती वस्त्र सोवळ्यास रोज धुतलेले लागे. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी ह्यांस ती सक्ती नसे. धर्मदृष्टीने ह्याची कारणे काहीही असोत, व्यवहारदृष्टीने हा आचार लोकरीच्या स्वभावास अनुकूल आहे. लोकरीचा तंतू बाहेरून पाणी झटकतो. ती घाम शोषते तरी लवकर ओशट लागत नाही आणि वाऱ्यावर टाकली असता बव्हंशी स्वच्छ होते. धाबळी रोज धुतली जाती तर वर्षभरात तिची जेन झाली असती.

आता थोडे पश्चिमेकडे वळू. प्राचीन रोमचा मुख्य पोशाख लोकरीचा. त्यामुळे तेथे लोकर दाटविणारे व धुणारे ह्यांचा मोठा धंदा होता. त्यांस फुलोनेस म्हणत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत त्यांच्या कार्यशाळा सापडल्या आहेत. भिंतीलगतच्या हौदांत उभे राहून कामकरी पायांनी वस्त्रे तुडवीत. पाण्यात शिळे मूत्र आणि विशिष्ट प्रकारची चिकणमाती मिसळीत. मूत्रातील अमोनिया तेलकटपणा काढी आणि माती तो शोषून घेई. वस्त्र कोणत्या मातीने आधी धुवावे, केव्हा गंधकाची धुरी द्यावी आणि नंतर कोणती माती लावावी, हा क्रम इ. स. पूर्व २२० मधील एका रोमन कायद्याने ठरवून दिल्याचे प्लिनी सांगतो. पुढे व्हेस्पासियन बादशहाने मूत्रावर कर बसविला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ज्या नागरिकांचे शुभ्र टोगे सभागृहात मिरवत, त्यांच्याच साहित्यात हा धंदा थट्टेचा विषय झाला होता.

तुडविणारे पाय आणि गंधकाची धुरी ही दोन चिन्हे वाचकांनी स्मरणात ठेवावी, कारण ती पुन्हा भेटणार आहेत, आणि तीही थेट काश्मिरात. ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पागेचा अधिकारी विल्यम मूरक्रॉफ्ट १८२२ साली काश्मिरास पोहोचला आणि तेथे काही महिने राहिला. त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८४१ साली प्रसिद्ध झाले. शालीच्या धंद्याची प्रत्येक पायरी त्याने टिपली आहे, आणि धुण्याची पायरीही वगळलेली नाही, हे त्याचे मोठेपण होय. पश्मिन्याची कच्ची लोकर साबणाने धूत नसत; तांदूळ भिजवून त्याचे पीठ करीत आणि त्या ओलसर पिठात लोकर चोळून तिचा तेलकटपणा काढीत. साबणाने लोकर राठ होते अशी तेथील कारागिरांची पक्की समजूत होती. शाल तयार झाल्यावर ती सरोवराच्या कालव्यावर नेत. तेथे दगडात कोरलेल्या वाटोळ्या खळग्यात ती ठेवून, पाणी ओतून, अनवाणी पायांनी थोडा वेळ तुडवीत; मग कालव्याच्या पाण्यात खळबळून काढीत. साबण लावावयाचा तो फक्त पांढऱ्या भागास, आणि तोही जपून; नक्षीस कदापि नाही. रंगीत शाल सावलीत वाळवीत, पांढरीस गंधकाची धुरी देत. शालीस येणारा मऊपणा त्या पाण्याचाच गुण होय, असे तेथील लोक मानीत.

ह्या शालींचा आमच्या महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. पेशवाईत मानकऱ्यांस आणि विद्वानांस शालजोडी देऊन गौरविण्याची चाल होती; आजही सभासंमेलनांत शाल आणि श्रीफळ आल्यावाचून सत्कार पुरा होत नाही. मऊ शब्दांत गुंडाळलेल्या टोमण्यास आपण ‘शालजोडीतला’ म्हणतो, इतकी ती शाल भाषेच्या अंगाखांद्यावर रुळली आहे. तथापि ज्या मऊपणामुळे हा वाक्प्रचार जन्मास आला, तो मऊपणा काही अंशी तरी कालव्यात उभ्या असलेल्या त्या धुणाराने आणलेला होता, ह्याचे स्मरण सत्कार करणारासही नसते आणि सत्कार घेणारासही नसते.

येथवर मागावरील वस्त्रांचा विचार झाला. मराठीत मागावरचे आणि सुयांवरचे अशा दोन्ही कामांस विणणे हेच क्रियापद आहे, पण दोहोंची रचना भिन्न आहे. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांस आवळून धरतात. सुयांवरच्या विणकामात एकच धागा फाशात फासा घालीत पुढे जातो, आणि प्रत्येक फाशास हालावयास जागा असते. म्हणूनच स्वेटर अंगाबरोबर ताणतो. म्हणूनच तो पाण्यात लवकर दाटतो आणि ओला टांगला असता आपल्याच भाराने लोंबतो. लोकर भिजली म्हणजे तिची ताकद उणावते आणि वजन वाढते. हे ध्यानी घेतले म्हणजे ओला स्वेटर दोरीवर का टांगू नये ते निराळे सांगावे लागत नाही.

यूरोपातील विणकऱ्यांनी ह्या दाटण्याचाही प्रथम उपयोगच करून घेतला. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये टोप्या सुयांवर मुद्दाम मोठ्या विणीत आणि नंतर पाण्यात तुडवून, दाटवून डोक्याच्या मापास आणीत; अशी टोपी पावसास दाद देत नसे. ह्या धंद्याच्या रक्षणासाठी १५७१ साली पार्लमेंटाने कायदा केला, की सहा वर्षांवरील प्रत्येकाने, सरदारादी काही वर्ग वगळून, रविवारी व सणाच्या दिवशी इंग्लंडात विणलेली व दाटविलेली लोकरी टोपी घालावी. कायदा १५९७ साली रद्द झाला. परंतु विणणे आणि दाटविणे ही दोन्ही कामे कायद्याच्या मजकुरात शेजारी शेजारी नांदली, ही गोष्ट आम्हास त्या कायद्याहून महत्त्वाची वाटते.

ह्याच्या उलट टोकास स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांची जाळीदार शाल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून ती प्रसिद्धीस आली. तिची लोकर इतकी तलम की मोठी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यावी. पण सुयांवरून उतरताना ही शाल म्हणजे एक चुरगळलेले, आखूड, बेढब फडके असते. तीत नक्षी दिसतच नाही. सौम्य हातांनी धुऊन, ओली असतानाच चौकटीवर टोकाटोकाला दोरा ओवून ती ताणून बसवावी लागते. वाळली म्हणजे प्रत्येक जाळी उघडते आणि आकार कायम राहतो. पांढऱ्या शालीस तेथेही गंधकाची धुरी देत. रोम, काश्मीर आणि शेटलंड ह्यांनी एकमेकांपासून काही शिकल्याचे कोणी म्हणणार नाही. लोकरीनेच तिघांस एक धडा दिला.

शेटलंडात धुऊन ताणून देण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांचा निराळा धंदा होता, आणि तेथील विणणाऱ्या स्त्रियांची आर्थिक स्थिती कागदोपत्री नोंदली गेली आहे. १८७२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा असे उघड झाले की व्यापारी त्यांस रोख पैसा न देता चहा, कापड असा माल देत. घरी धान्य नाही आणि हाती कापडाचा तुकडा, अशी अनेकींची अवस्था असे. राजघराण्यातील स्त्रियांच्या खांद्यांवर शोभणाऱ्या वस्त्राची ही दुसरी बाजू होय. स्कॉटलंडच्याच पश्चिम बेटांत स्त्रिया मूत्रात भिजविलेले नवे लोकरी कापड फळीभोवती बसून, गाणी म्हणत, आपटून दाटवीत. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आमच्या बायांस ते दृश्य मुळीच परके वाटले नसते. गीतांचे संग्रह झाले, त्यांवर विद्वानांनी प्रबंध लिहिले; कापड आपटणाऱ्या हातांविषयी त्या मानाने थोडेच लिहिले गेले.

ह्यानंतर साबणाचे युग आले. लब्लाँ ह्याने मिठापासून सोडा करण्याची कृती १७९१ साली पेटंट केली आणि साबण स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. इंग्लंडात साबणावरील कर १८५३ साली उठला. परंतु स्वस्त साबण म्हणजे बहुधा क्षारयुक्त साबण. आणि क्षाराने लोकरीतील केराटिन ह्या प्रथिनाचे गंधकमय बंध तुटतात. काश्मिरी कारागीर साबणास भीत असे ते ह्याच कारणाने, जरी त्यास कारण सांगता येत नव्हते. साबणाच्या कारखानदारांस ही अडचण लवकरच कळली. लिव्हर ब्रदर्स ह्या मंडळीने १८९९ साली साबणाचे पातळ पापुद्रे विकावयास काढले आणि पुढच्या वर्षी त्यांस ‘लक्स’ हे नाव दिले. आपण अंगास लावण्याचा साबण म्हणून जे नाव ओळखतो ते मुळात लोकर, रेशीम अशी नाजूक वस्त्रे घरी धुण्याच्या पापुद्र्यांचे होते.

ह्या पुड्याबरोबर एक मोठा पालट झाला. धुण्याचे ज्ञान हातांतून निघून वेष्टनावरच्या छापील सूचनेत गेले. विसाव्या शतकात तर ते थेट तंतूतच घालण्यात आले. क्लोरीनने खवल्यांच्या कडा खाऊन टाकावयाच्या आणि वर राळेचा अतिसूक्ष्म थर चढवावयाचा. अशी लोकर यंत्रात घुसळली तरी दाटत नाही. ह्या सोयीचे मोल कमी आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण धुण्याचा भार बहुतेक स्त्रियांवरच पडत आला आहे आणि तो हलका होणे इष्टच आहे. परंतु ह्या क्रियेत क्लोरीनयुक्त दूषित पाणी बाहेर पडते, आणि लोकर थोडी आपल्या स्वभावास मुकते. शिवाय हाताने विणलेली पुष्कळशी वस्त्रे अशा संस्कारावाचूनच असतात. त्यांस बाजारातील साधे धुण्याचे चूर्ण मानवत नाही, कारण त्यातील प्रथिने पचविणारे विकर रक्ताचा किंवा दुधाचा डाग पचवितात तसे लोकरीसही पचवू पाहतात.

धुण्याचा एक शत्रू अद्याप सांगावयाचा आहे. तो म्हणजे कसर. कसर ह्या नावाखाली आपण अनेक किडे घालतो. त्यांपैकी लोकरीचा खरा वैरी एका लहान, पिवळसर पतंगाची अळी आहे. पतंग स्वतः काही खात नाही. अळी केराटिन पचवू शकते. तथापि शुद्ध लोकर तिला पुरेशी पोषक नसते. घामाचे, तुपाचे, दुधाचे डाग जेथे असतील तेथे ती आधी जाते. ह्यावरून न धुता पेटीत टाकलेली शाल म्हणजे अळीपुढे वाढलेले ताट होय हे उघड आहे. काश्मिरी व्यापारी शालींच्या गाठोड्यांत कोष्ठाची मुळे घालीत. यूरोपात जाणाऱ्या शालींबरोबर पाचीची वाळलेली पाने जात, आणि त्या वासावरून तेथील गिऱ्हाईक अस्सल माल ओळखी. आमच्या घरांत कडुनिंबाचा पाला आणि कापूर होता. पुढे डांबराच्या गोळ्या आल्या. ह्या साऱ्यांचा उपयोग कमीअधिक खराच, पण तो दुय्यम. आधी क्षालन, मग पूर्ण वाळविणे, मग पेटी, हा क्रम चुकला तर कोणताही वास वस्त्रास वाचवीत नाही.

हा सारा इतिहास एकत्र केला म्हणजे त्यातून आपोआप एक कृती निघते. पाणी कोमट किंवा गार, पण धुताना व खळबळताना एकाच ऊबेचे. द्रव्य सौम्य, रिठ्याचा फेस किंवा क्षाररहित साबण. चोळणे नाही, पिळणे नाही, केवळ दाबणे. उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार. कोरड्या पंचात गुंडाळून पाणी टिपणे. आणि सावलीत, सपाट जागी, मापास आणून पसरणे. ह्या कृतीतील एकही शब्द आमचा नाही. कुतपास रिठे लावणारा, गुळगुळीत फळीवर हळू हात चालविणारा, नक्षीस साबण लागू न देणारा, आणि ओल्या शालीच्या टोकाटोकात दोरा ओवणारी, अशा अनामिकांनी ती शतकानुशतके सिद्ध केली आहे.

आम्हास खंत वाटते ती एवढीच, की आजही विणकामाची पुस्तके शेवटचा टाका बंद करण्यापाशी संपतात, आणि वस्तुसंग्रहालयातील शालीखालच्या चिठ्ठीवर गाव, काळ आणि क्वचित विणकर लिहिलेला असतो, धुणारा नसतो. ज्या आजीने नातवाचा स्वेटर विणला तिने तो कसा धुवावा हेही सुनेस सांगितलेले असते. पण नमुना वहीत उतरतो आणि धुण्याची गोष्ट बोलण्यात विरून जाते. मग एखाद्या दिवशी तो स्वेटर यंत्रातून बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर निघतो आणि तीन महिन्यांचे काम अर्ध्या तासात संपते. वहीत नमुन्याखाली चार ओळी अधिक लिहिल्या तर हे टळण्यासारखे आहे. विणकामाची पुस्तके छापणारांनी आणि संग्रहालये चालविणारांनीही ह्या चार ओळींस जागा करून द्यावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.